उजव्या हाताची भिंत

काकांच्या घरात कुठलीही वस्तू सरळ आत येत नसे. तिला आधी उंबऱ्यापाशी थांबावं लागे. पाहुणा मिठाईचा खोका आणो, नाहीतर मुलगा पुण्याहून मिक्सर पाठवो, काका दारात उभे राहून तिच्याकडे बघत आणि विचारत, "ही राहणार कुठं?" उत्तर मिळालं तर आत. नाही मिळालं तर ती तिथंच चपलांशेजारी, चौकीवर बसवून ठेवलेल्या माणसासारखी.

कॉलेजसाठी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला म्हणून मी पहिल्यांदा त्या दारात उभी राहिले तेव्हा माझं नाव, गाव, मार्क त्यांनी काही विचारलं नाही. माझे वडील बरोबर होते. बऱ्हाणपूरकडे एका लहान गावात ते मागावर काम करायचे, आणि आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे कुणाशीही बोलताना ते आधी हात जोडत. त्यांनी हात जोडले. काकांनी माझ्या सामानाकडे बघितलं.

"पेटीत काय?"

"कपडे," मी म्हटलं. "पुस्तकं पिशवीत आहेत."

"उलटं कर. कपडे दाबता येतात, पुस्तकं दबत नाहीत. पुस्तकं पेटीत, कपडे पिशवीत. मग पेटी उभी राहील आणि पिशवी तिच्यावर बसेल."

वडिलांनी तिथंच ओट्यावर उकिडवं बसून पेटी उघडली आणि माझे सगळे कपडे रस्त्यावरच्या लोकांसमोर बाहेर काढले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला पाणी तरी देऊ द्या. पाण्याला जागा लागत नाही."

दोघंही आता नाहीत. मुलानं घर शेजारच्यांना विकलं, आणि महाकालच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांना तिथं खोल्या देतात. मी शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आल्यावर दप्तर, डबे, भाजी, हेल्मेट घेऊन मी दारात उभी राहते आणि आत जाऊन हे सगळं कुठंतरी ठेवायचं आहे या विचारानंच कंटाळा येतो. मग मी तशीच पायरीवर बसते. अशा वेळी काका आठवतात. ते कधी असे बसले नाहीत. जे बसले ते एकदाच, आणि ते सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलं.

फ्रीगंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. घर म्हणजे एक लांबट खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर, आणि बाजूला पत्रे ठोकून बंद केलेली गॅलरी. गॅलरी माझी. काका एका सरकारी खात्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. आयुष्यभर पाइप, नट-बोल्ट आणि तारेची भेंडोळी रचून ठेवलेला माणूस घरी बसला तेव्हा त्याला रचायला फक्त घर उरलं.

खोलीची पूर्वेची सगळी भिंत त्यांनी नोकरीत असतानाच खणांनी भरली होती. खोक्यांच्या फळ्या, जुन्या दाराच्या झडपा, कुणाच्या तरी मोडलेल्या कपाटाचे कप्पे, असं जमवून जमिनीपासून छतापर्यंत. ते तिला नुसतं 'भिंत' म्हणत. कात्री कुठं आहे? भिंतीत. इस्त्री? भिंतीत. काकू म्हणायच्या, "सगळं मावलं भिंतीत. आता मला तेवढं चिणा, म्हणजे झालं."

पण ती भिंत काकूंच्याच मापाची होती. काकांनी त्यांना भिंतीला पाठ लावून नाही, खांदा लावून उभं केलं होतं आणि उजवा हात लांब करायला लावून पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. हात सहज पोचतो तिथं रोजचं. टाचा उंचावून पोचतो तिथं आठवड्याचं. स्टुलावर चढून पोचतो तिथं सणावाराचं. त्याच्यावर छताला लागून टांड, म्हणजे माळा, तिथं काका स्वतः चढत, आणि तिथलं सामान वर्षातून एकदा खाली येई. वीज गेली की काकू अंधारात सरळ भिंतीशी जात, हात पुढं करत आणि काडेपेटी हातात येई. चाचपडणं नाही. मला ती जादू वाटायची. काकू म्हणायच्या, "जादू कसली. तीस वर्षं एकाच ठिकाणी ठेवलंय मेलं. जागा बदलली असती तर निदान शोधायची मजा तरी आली असती."

काकांची काही वाक्यं होती. "जागा संपत नाही, माणूस कंटाळतो." हे रोजचं. "हवा साठवायला घर बांधलेलं नाही." हे कुणी मोकळ्या भिंतीचं कौतुक केलं की. एका वस्तूनं एकच काम केलेलं त्यांना खपत नसे. घरातले लोड-तक्के कापसाचे नव्हतेच. खोळीत स्वेटर, शाली, गोधड्या घट्ट भरलेल्या असत. उन्हाळ्यात पाहुणे त्यांना टेकून ऐसपैस बसत. थंडी पडली की एकेक लोड रिकामा होत जाई, आणि ऐन डिसेंबरात त्या घरात पाठ टेकायला काही उरत नसे. पलंगाखाली गव्हाचे डबे. सुटकेसमध्ये सुटकेस, तिच्यात बॅग, तिच्यात पिशवी, पिशवीत पिशव्या. गौरींचे मुखवटे तांदळाच्या डब्यात, तांदळातच पुरून. ही जुनी रीतच आहे, पण काकांनी वर्षभराचे तांदूळही त्याच डब्यात भरले होते. काकू तांदूळ काढताना म्हणत, "हात घातला की कुणाचं तरी नाक लागतं. दर वेळी माफी मागायची म्हणजे भाताला उशीर होतो."

श्रावणात नातेवाईक यायचे. पुण्याचे, नागपूरचे, जबलपूरचे. महाकालची सवारी, म्हणजे पालखी, बघायला, दर्शनाला. काका त्यांना कधी नाही म्हणाले नाहीत. त्या एका खोलीत ते माणसं अशी झोपवत की सकाळी उठताना कुणाचा पाय कुणाचा हे पाहावं लागे. एक नागपूरकर म्हणाले, "भाऊ, हॉटेल करतो ना आम्ही. काहून त्रास घेऊन राहिले?" काका दुखावले. मग म्हणाले, "माझ्या घरात जागा नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते वाक्य त्या घरात कुणी उच्चारायचं नव्हतं, एवढं मला पहिल्याच वर्षी कळलं.

मी बीएस्सी झाले त्या दिवशी निकाल दाखवायला मोबाइल घेऊन गेले. काका चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग उठले, करवत घेतली आणि गॅलरीत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या खिडकीखाली एक फळी बसली होती. उघडली की टेबल, मिटली की भिंत. "पास झालीस, एक खण वाढवला," म्हणाले. आमच्या घरी कुणी कधी पास झालंच नव्हतं, त्यामुळे पास झालेल्याला काय देतात ते मला माहीत नव्हतं. अजूनही मला वाटतं की असंच काहीतरी द्यायला हवं.

बीएडच्या वर्षी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यात हळूहळू बोलणं थोडं परत आलं, एकेक शब्द, मध्ये बराच श्वास. हात आला नाही.

मुलगा पुण्याहून आला. चांगला होता तो, हे सांगायला हवं. रात्रीचा प्रवास करून आलेला, डोळे लाल, फोन सारखा वाजतोय, आणि ऑफिसला काय सांगायचं ते त्यालाही कळत नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात तो काकांना म्हणाला, "बाबा, आईला मी नेतो. आमच्याकडे दिवसभराची बाई ठेवता येईल. इथं तिचा पलंग कुठं टाकणार? जागा कुठंय?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. ते एवढंच म्हणाले, "तिला विचार."

काकूंनी मान हलवली. इकडून तिकडे, परत इकडून तिकडे. त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. चौथा मजला, पगारी बाई, दुसऱ्याचं घर. शब्द येत नव्हते तरी ते सगळं त्या मान हलवण्यात होतं.

मुलगा कॉटवर बसला. "ठीक आहे, दिवाळीपर्यंत बघू," तो म्हणाला. "पण बाबा, तुम्ही दूध आणायला गेलात, औषध आणायला गेलात, तेवढा वेळ तरी ती एकटी राहू शकली पाहिजे. स्वतःच्या हातानं पाणी घेता आलं पाहिजे, गोळी घेता आली पाहिजे. नाहीतर मी नेणार. मग तुम्ही दोघंही चला. मला तिकडे झोप लागत नाही."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

दवाखान्यातला असतो तसा लोखंडी पलंग भाड्यानं ठरला, हँडल फिरवून डोक्याकडून उंच होणारा. तो भिंतीलगत टाकायचा तर त्याच्यामागचे खालचे खण रिकामे करायला हवे होते, जुना पलंग बाहेर, डबे बाहेर. मी कधी काकांना काही टाकताना पाहिलं नव्हतं. भंगारवाला त्या दारावरून ओरडतसुद्धा नसे. आता त्यांनी वाटायला सुरुवात केली. पण दुसऱ्याच्या हातात वस्तू देताना ते विचारत, "ठेवणार कुठं?" शेजारच्या भाभीजी तेव्हा नुकत्याच यात्रेकरूंना खोल्या देऊ लागल्या होत्या. त्यांनी गोधड्या मागितल्या. काका आधी त्यांच्या घरी जाऊन आले. जागा बघून आले.

"काकाजी, रजाई दे रहे हो कि बेटी ब्याह रहे हो?" भाभीजी म्हणाल्या.

"सीलन है वहाँ, दीवार गीली है," काका म्हणाले. "नीचे पाट रखो, फिर दूँगा."

त्यांनी पाट ठेवला, तेव्हा गोधड्या गेल्या. असं आठवडाभर चाललं. पितळेचे डबे, सुटकेसच्या पोटातल्या सुटकेस, पाट, चौरंग, एक शिवणयंत्र. काका रोज थोडे वाकत गेले. जेवताना त्यांचा हात थांबे आणि ते रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहत. मी विचारलं, "काका, वाईट वाटतं का?" म्हणाले, "वाईट नाही गं. दमलो."

मग त्यांनी भिंत नव्यानं लावली. पलंगावर झोपलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीला खण केले. पाण्याचा पेला बसेल एवढी गोल खाच. गोळ्यांची डबी, झाकण काढून. रुमाल. घंटी, देवघरातलीच. जपाची माळ. छोटा आरसा, कारण काकूंना कुंकू स्वतः लावायची सवय. पेला उचलताना फळीला धक्का लागू नये म्हणून कडा घासून गोल केली. मुलानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं आणि म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला." मी बघितलं, भाभीजींनी बघितलं, देवासहून काकांची बहीण आली होती, त्या आत्यांनी बघितलं. सगळ्यांना ते फार सुंदर वाटलं.

काकूंना घरी आणलं. चौघांनी चादरीसकट उचलून पलंगावर ठेवलं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, भिंत उजव्या अंगाला. काकांनी हँडल फिरवून त्यांना थोडं उठवलं आणि बाजूला उभे राहिले. मूल पहिल्यांदा वर्गात सोडताना आई उभी राहते तसे.

"घे," ते म्हणाले. "पाणी घे. तुझं तू."

काकू पेल्याकडे बघत राहिल्या. उजवा हात चादरीवर पडला होता, ठेवल्यासारखा. त्यांनी डावा हात उचलला, अंगावरून पलीकडे नेला. तो उजव्या खांद्यापाशी संपला. तिथंच थांबला. मग त्यांनी तो परत आणला आणि काकांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. उलट काकांचीच दया आल्यासारखं काहीतरी होतं.

भाभीजी हळूच म्हणाल्या, "काकाजी, हाथ तो ये वाला गया ना."

काका खाली बसले. भुईवर, पाय पसरून, भिंतीला टेकून. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. महिनाभर त्यांनी त्या हाताला मालिश केली होती, रोज. कुठला हात गेला आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण भिंतीशी उभं राहिलं की त्यांना एकच हात माहीत होता.

मग खटपटी सुरू झाल्या. डाव्या बाजूला स्टूल ठेवलं. पण ती बाजू म्हणजे दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जायची वाट. स्टूल ठेवलं की कमोडची खुर्ची पलंगापाशी येईना, आणि ते दर वेळी हलवायचं तर ते ठेवून उपयोग काय. पलंग पलीकडच्या भिंतीला लावावा तर तिकडं दारं आणि खिडकी. आडवा टाकावा तर वाटच बंद. मग काकांनी छताला दोऱ्या बांधल्या आणि डाव्या अंगाला सामान लोंबतं सोडलं. पाण्याची बाटली, घंटी, रुमाल. आत्यांच्या कपाळावर घंटी आपटली. नव्यानं येऊ लागलेल्या मालिशवाल्या बाईंच्या डोळ्यात रुमाल गेला. काका स्वतः दोनदा बाटलीला धडकले. आणि काकूंनी बोटं लावली की बाटली झोका घेऊन लांब जाई.

"झुंबर," काकू म्हणाल्या. दवाखान्यातून आल्यापासूनचा तो त्यांचा पहिला टोमणा. "छान... झुंबर."

आत्या हसल्या, मीही हसले. काकांनी दोऱ्या सोडवल्या.

दुसऱ्या दिवशी आत्या पोथी वाचत बसल्या होत्या, मी काकूंची वेणी घालत होते. काकू एकदम म्हणाल्या, "पलंग... फिरवा."

काकांना लगेच कळलं. खरं तर त्यांना ते आधीच सुचलं असणार. खोल्या कशा फिरवायच्या हे ज्या माणसानं जन्मभर केलं त्याला ते सुचलं नसेल असं होणार नाही. पलंगाचं डोकं उत्तरेला केलं की भिंत डाव्या हाताला येते. पेला तिथंच, खाच तिथंच, काही हलवायला नको. फक्त पाय दक्षिणेला होतात.

आत्यांनी पोथी मिटली. "वहिनी, काय बोलतेस? जित्या माणसाचे पाय दक्षिणेला? दादा, ऐकू नकोस हं तिचं. तिला समजून नाही राहिलं."

"समजतंय," काकू म्हणाल्या.

काका उठून बाहेर गेले. दुपारी आत्या देवासच्या बसनं परत गेल्या. मी कॉलेजातून आले तेव्हा काका टेप घेऊन खोली मोजत होते. तीच खोली, जिची मापं त्यांना झोपेतही सांगता आली असती. मला टेपचं टोक धरायला सांगितलं. मी धरलं. ते दुसऱ्या टोकाला बराच वेळ वाकून राहिले.

"आई आणि बाबा," ते म्हणाले, "दोघांनाही इथंच खाली घेतलं होतं. त्याच दिशेनं. या खोलीत तसं झोपलेलं माणूस परत उठलेलं मी पाहिलं नाही."

मी बीएस्सी झालेली. दिशेनं काही होत नाही हे मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. आमच्या घरीही कुणी तसं झोपत नाही, आणि आजही मी माझ्या मुलाचं अंथरूण घालताना आधी दिशा बघते.

दिवस जात राहिले. काका दूध आणायला जात तेव्हा मी थांबायची. मी कॉलेजला गेले की भाभीजी डोकावत. भाभीजींकडे गिऱ्हाईक आलं की काका दुधाशिवाय चहा करत. तिघंही थकलो होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. घंटी हाताशी नसल्यानं काकू हाक मारायचा प्रयत्न करत, आणि ती हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. काकांना ती पोचत नाही हे कळायचं, म्हणून ते स्वयंपाकघरातही फार वेळ थांबत नसत. भाजी करपायची.

दिवाळी जवळ आली तसा मुलाचा फोन आला. त्यानं पुण्याची तिकिटं काढली होती, स्वतःसकट तिघांची. काका फोन ठेवून पलंगापाशी गेले आणि काकूंना सांगितलं. काहीच न लपवता सांगितलं. मला वाटतं त्यांनी मनातून सोडून दिलं होतं. म्हणाले, "चल जाऊ. माझ्यानं नाही झालं."

काकू छताकडे बघत होत्या. मग त्यांनी शब्द गोळा करायला सुरुवात केली. एकेक शब्द लांबून आणावा तसा.

"पुण्याला... पाय... कुठं करतील... विचारलंत?"

काका उभेच राहिले.

"चौथा मजला," काकू म्हणाल्या. "तिथं... दक्षिण... नसते?"

मला हसू आलं आणि ते कुठं दाबावं कळेना. काका दारापर्यंत गेले, परत आले. पलंगाच्या पायाशी हात ठेवला.

"भाभीजींना हाक मार," मला म्हणाले.

आम्ही तिघांनी पलंग फिरवला. काकू त्याच्यावरच होत्या, त्यांना उतरवलं नाही. लांबट खोलीत तो गोल फिरेना, कोपरा अडकला, काका म्हणाले थोडा मागे, आता डोक्याकडून उचला, हळू. काकू वरून सगळं बघत होत्या, मिरवणुकीत बसल्यासारख्या. पलंग बसला. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय. भाभीजींनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले आणि घरी गेल्या.

काकूंनी डावा हात उचलला. पेला होता तिथंच होता. बोटं लागली, पेला हलला आणि पाणी सगळं उशीवर सांडलं.

"हरकत नाही," काका म्हणाले. खिशातून पेन्सिल काढली. "हात परत उचल बघू. जमेल तेवढाच."

त्या दिवसापासून ते दोघं त्या डाव्या हाताचं शिक्षण करत बसले. त्याला काही येत नव्हतं. जन्मभर त्यानं फक्त धरून ठेवण्याचं काम केलेलं, भाजी चिरताना भाजी, लाटताना पोळपाट. उचलणं, घेणं, परत ठेवणं हे सगळं दुसऱ्यानं केलेलं. तो लवकर दमे. काकांनी फळी खाली घेतली, परत खाली घेतली. काचेचा पेला जाऊन प्लास्टिकचा आला. गोळी दोन बोटांत येईना म्हणून उथळ वाटी. कुंकू कपाळाच्या मध्यावर लागेना, भुवईवर लागे, आणि काकू आरशात बघून म्हणत, "चालेल. कुणाला... दाखवायचंय."

मुलगा धनत्रयोदशीला आला. एकटाच, सुनेला रजा मिळाली नव्हती. दारात बूट काढताना त्याची नजर आत गेली आणि तो एका पायावर तसाच उभा राहिला.

"बाबा, हे काय केलंत?"

काका स्वयंपाकघरातून आले. "काय केलं?"

"आईचे पाय..." त्याच्या हातात अजून बूट होता.

"बस," काका म्हणाले. "मी दूध घेऊन येतो." आणि पिशवी घेऊन खरंच गेले. मला वाटतं त्यांच्यानं तिथं थांबवलं नसतं.

मुलगा खुर्चीवर बसला. मी दिव्यांना तेल-वात करत होते, ते करत राहिले. मग काकूंचा हात निघाला. भिंतीवर आधी कडेला टेकला, फळीच्या काठावरून सरकत पेल्यापाशी गेला, थांबला. दम घेतला. पेला उचलला. तो हवेत तिरका झाला आणि मुलगा खुर्चीवरून अर्धा उठला.

"बस," काकू म्हणाल्या.

तो बसला. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. पेला तोंडापाशी पोचला, थोडं पाणी मानेवर सांडलं, थोडं आत गेलं. मग वाटी, गोळी, परत पेला. पेला खाचेत बसला तेव्हा लहानसा आवाज झाला. काकूंनी डोळे मिटले. कपाळावर घाम होता. त्यानं मोबाइल काढला, काहीतरी बघितलं आणि परत खिशात ठेवला.

काका आले तेव्हा तो पिशवी घ्यायला पुढं गेला. "दोन तिकिटं रद्द केली," म्हणाला. काकांनी नुसती मान हलवली आणि दूध तापवायला गेले.

भाऊबीजेनंतर तो निघाला. बॅग दाराशी ठेवून आत आला आणि आईच्या पायांशी गेला. तिथं गेल्यावर थांबला. झोपलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत. त्यातून तसे पाय. त्याला काय करावं कळेना, तो तसाच अर्धवट वाकलेला. काकांना ते दिसलं. ते गेले, हँडल फिरवू लागले. पलंग करकरत वर आला, काकू वर आल्या, बसल्यासारख्या झाल्या.

"आता कर," काका म्हणाले.

तो वाकला. काकूंनी पायापासून त्याला खुणेनं जवळ बोलावलं. तो भिंत आणि पलंगाच्या मधल्या फटीत कसाबसा शिरला, त्यांच्या डाव्या बाजूला, आणि गुडघ्यांवर बसला. काकूंनी आधी उजव्या हाताकडे बघितलं. तो चादरीवर होता.

"डावाच आहे," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला.

काकूंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काका दारात बॅगपाशी उभे होते. गाडीला उशीर होईल असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मुलानंही डोकं हलवलं नाही. काकूंना तो हात उचलायला अजून वेळ लागायचा.